कुत्र्याच्या पिलाचे दात व कान

बैलाचे वय दातांवरून ओळखण्याची विद्या आपल्या शेतकऱ्यास कोणी शिकवावी लागत नाही. आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला हे टप्पे तो जबडा उघडताच सांगतो. राखणीसाठी कुत्र्याचे पिलू आणताना मात्र तोच शेतकरी दात न पाहता कान पाहतो. कान ताठ असतील तर पिलू जातिवंत, लोंबते असतील तर निकृष्ट, असा निर्णय तेथेच दिला जातो. तो बहुधा चुकतो.

ज्यास आपल्याकडे अल्सेशियन म्हणतात त्या जर्मन शेपर्ड जातीचे उदाहरण घ्यावे. या जातीच्या पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचे कान उभे व टोकदार असतात, परंतु पिलू लोंबत्या कानांनीच जन्मास येते. पुढे एक कान उभा राहतो, दुसरा पडलेला असतो. कधी दोन्ही उभे राहून चार दिवसांनी पुन्हा पडतात, तर कधी दोघांची टोके डोक्यावर एकमेकांकडे झुकतात. सुमारे चौथ्या महिन्यापासून सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत हा खेळ चालतो. यात रोग नाही. मुधोळ व कारवान या आपल्या दख्खनच्या शिकारी जातींचे कान तर जन्मभर लोंबतेच राहतात. तेथे ते उभे राहण्याची वाट पाहणे व्यर्थ होय.

याच महिन्यांत पिलाचे दात पडतात. दुधाचे दात २८ असतात. त्यांच्या जागी व मागील बाजूस मिळून ४२ कायमचे दात येतात. साधारणतः चौथ्या महिन्याच्या सुमारास पुढील बारीक दात प्रथम बदलतात, त्यानंतर सुळे, आणि सातव्या महिन्यापर्यंत दाढा पुऱ्या होतात. म्हणून विकणारा ‘दोन महिन्यांचे पिलू’ म्हणत असेल आणि पुढचे मोठे दात आलेले दिसले, तर वय निदान दुप्पट समजावे. पडलेला दात पिलू गिळते. त्याची चिंता नको. परंतु दुधाचा सुळा न पडता शेजारी नवा सुळा उगवला, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे.

दातांनी चुना ओढून घेतला म्हणून कान पडले, अशी समजूत सर्वत्र आहे. तीमुळे कॅल्शियमची पूड चमच्याचमच्याने चारली जाते. वास्तविक कानाचा आधार हाड नसून कूर्चा आहे, म्हणजे नाकाच्या शेंड्यात असतो तसा लवचिक भाग. चुन्याने तो ताठ होत नाही. उलट मोठ्या जातीच्या पिलास जादा कॅल्शियम दिल्यास हाडांची व सांध्यांची वाढ बिघडते, कारण अनावश्यक चुना आतड्यातच अडविण्याची शक्ती कोवळ्या वयात नसते. नुसत्या भाकरीवर वाढणाऱ्या पिलाचे पोषण कमी पडते हे खरे. त्यास दूध, अंडी, शिजविलेले मांस द्यावे, आणि औषधी पूड पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावी.

कान चोळणे, ओढणे हेही टाळावे. पिलू तिखट व्हावे म्हणून कान कापण्याची चाल काही ठिकाणी आहे. कापल्याने कुत्रे अधिक जागरूक होत नाही, जखमेत मात्र अळ्या पडतात. प्राण्याचे अवयव असे छाटणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० अन्वये गुन्हा आहे. कानास दुर्गंधी येत असेल, पिलू सारखे डोके झाडत असेल, किंवा कान फुगला असेल, तर तो रोग समजून उपचार करावा.

या काळात खरे लक्ष द्यावे ते चावण्याकडे. हिरड्या सळसळतात म्हणून पिलू मिळेल ते चावते. त्यास चिवट रबरी खेळणे अथवा गाजर द्यावे. जुने पायताण देऊ नये. जुने व नवे यांतील भेद त्यास कळत नाही. शिजविलेल्या हाडाच्या चिपा घशात व आतड्यात रुततात. घरातील मुलांशी खेळताना पिलाचे दुधाचे दात सुईसारखे लागून रक्त निघते, आणि लोक ते हसण्यावारी नेतात. लहान पिलूही पिसाळू शकते. याकरिता तिसरा महिना पूर्ण होताच रेबीजची लस टोचून घ्यावी आणि पुढील मात्रा पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे द्यावी. मुलास दात लागल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तीवर चुना, हळद वा मिरची लावू नये, आणि त्याच दिवशी मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.