गाण्याचं गिऱ्हाईक ओळखीचं हवं

"मुलीचं गाणं स्पॉटिफायवर आलंय. आता पैसे कधी सुरू होतील?" निकालाच्या दिवसांत टक्केवारी विचारावी तशा काळजीने पालक हल्ली हा प्रश्न विचारतात. त्याचं खरं उत्तर कुणी स्पष्ट देत नाही, म्हणून आधी तेच देते. 2024 पासून स्पॉटिफायचा नियम असा आहे की मागच्या 12 महिन्यांत एखादं गाणं किमान 1000 वेळा ऐकलं गेलं नसेल, तर त्या ध्वनिमुद्रणाला रॉयल्टीतला वाटा मिळत नाही. हा आकडा ओलांडला तरी एका ऐकण्यामागे ठरलेला दर नसतो. जमलेल्या रकमेची वाटणी एकूण ऐकण्याच्या प्रमाणात होते आणि त्याच पंगतीत जगातले सगळे बडे कलाकार बसलेले असतात. मामा, मावशी, कॉलेजचा ग्रुप आणि शाळेचे जुने शिक्षक यांनी प्रेमाने ऐकलेलं गाणं त्या वाटणीत कुठे दिसणार?

तरीही मी गाणं काढून टाका असं सांगत नाही. स्पॉटिफाय, यूट्यूब या दुकानाच्या दर्शनी काचा आहेत आणि त्या हव्यातच. मुलांना मी विचारते ते वेगळंच असतं. तुझ्या गाण्यासाठी आजवर स्वतःच्या खिशातून पैसे दिले अशी किती माणसं तुला नावानिशी माहीत आहेत? बहुतेकांकडे फॉलोअर्सचा आकडा तयार असतो, या प्रश्नाचं उत्तर मात्र नसतं. स्वतंत्र कलाकाराची कमाई उभी राहते ती या दुसऱ्या आकड्यावर.

ही गोष्ट समजायला 1998 सालात जावं लागतं. न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉक गावच्या डेरेक सिव्हर्स या संगीतकाराला स्वतःची सीडी इंटरनेटवर विकायची होती. मोठी दुकानं वितरकाशिवाय दारात उभी करत नव्हती, म्हणून त्याने आपल्याच संकेतस्थळावर खरेदीची सोय केली. मग मित्र म्हणाले, आमच्याही ठेव. त्यातून सीडी बेबी हे दुकान उभं राहिलं. कलाकाराला काय हवं असतं हे सिव्हर्स स्वतःवरून ओळखत होता. पैसे दर आठवड्याला मिळावेत, कमी खपते म्हणून कुणाची सीडी काढली जाऊ नये, आणि सीडी घेणाऱ्याचं नाव-पत्ता कलाकाराला कळावा, हे त्याने पहिल्यापासून पाळलं. यातली शेवटची अट मला सगळ्यांत मोलाची वाटते. दुकानात कॅसेट विकली गेली की गायकाला फार तर खपाचा आकडा कळे, ती कुणाच्या घरी गेली हे कधीच कळत नसे. 2008 मध्ये सिव्हर्सने हे दुकान 2 कोटी 20 लाख डॉलरना विकलं.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात बँडकॅम्प सुरू झालं आणि आज थेट विक्रीचं नाव निघालं की आधी तेच आठवतं. तिथे कलाकार आपलं पान उघडतो, गाणी चढवतो आणि किंमत स्वतः ठरवतो. ऐकणाऱ्याला वाटलं तर तो ठरलेल्या किमतीहून जास्तही देऊ शकतो, आणि असे जास्त देणारे खरंच असतात. डिजिटल विक्रीवर बँडकॅम्प 15 टक्के घेतं, विक्री 5000 डॉलरच्या पुढे गेली की 10 टक्के. सीडी, टी-शर्ट अशा वस्तूंवर 10 टक्के. पैसे पोचवण्याचा खर्च वेगळा. म्हणजे 10 डॉलरच्या अल्बममधले साधारण 8 डॉलर कलाकाराच्या हातात पडतात. करोनाने कार्यक्रम बंद पाडले तेव्हा 20 मार्च 2020 च्या शुक्रवारी बँडकॅम्पने आपला वाटा सोडून दिला. त्या एका दिवसात चाहत्यांनी 43 लाख डॉलरची खरेदी केली. फुकट ऐकण्याची सोय हाताशी असताना लोक मुद्दाम पैसे देतात, याचा इतका ठळक पुरावा मला दुसरा ठाऊक नाही.

पैसे देतात ते का? लॉस एंजेलिसच्या निप्सी हसल या रॅपरने 2013 मध्ये 'क्रेनशॉ' हा संग्रह इंटरनेटवर फुकट ठेवला आणि त्याच संग्रहाच्या 1000 सीडी प्रत्येकी 100 डॉलरना विकायला काढल्या. त्या एका दिवसाच्या आत संपल्या. गाणी तर फुकटच होती. लोकांनी पैसे मोजले ते या माणसाच्या बाजूने उभं राहण्यासाठी.

आपल्याकडे हे नवीन मानू नका. 6 डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर, किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर, पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या कॅसेटी आणि पुढे सीड्या मांडलेल्या असत. गाणं ज्यांचं होतं त्यांच्यापर्यंत ते थेट जाई, मोठ्या शोरूमची वाट न बघता. जत्रेत शाहिराची छापील चोपडी विकली जाई, तोही हाच व्यवहार. आता तो मोबाइलवर आला आहे, एवढाच फरक. तरी आपल्या सुशिक्षित घरातली मुलं गाण्याचे पैसे मागताना संकोचतात. मैफलीची बिदागी घेताना जो मान असतो तो गाण्याची फाइल विकताना का नसावा? ताकाला जाऊन भांडं लपवू नये. कार्यक्रम संपल्यावर माइकवरून सरळ सांगावं की माझा संग्रह 200 रुपयांना आहे, हा क्यूआर कोड, आणि पैसे देताना नाव व ई-मेल लिहा. टाळ्या वाजत असतानाची ती दोन मिनिटं फार मोलाची असतात. घरी गेलेला श्रोता दुसऱ्या दिवशी आठवणीने गाणं शोधेल, या भरवशावर बसू नये.

आता हिशेब. केव्हिन केली या अमेरिकन लेखकाने 2008 मध्ये मांडलं की कलाकाराला 1000 सच्चे चाहते पुरेत, प्रत्येकाने वर्षाला 100 डॉलर खर्च केले तर पोट भरतं. आपल्याकडे हे गणित जसंच्या तसं लागू करू नका. 500 माणसांनी 200 रुपयांचा संग्रह घेतला तर 1 लाख रुपये होतात. त्यातून स्टुडिओचं भाडं, तबलजी आणि गिटारवाल्याचं मानधन, मिक्सिंग, मुखपृष्ठ हे सगळं जायचं. म्हणून पहिली काही वर्षं हे उत्पन्न शिकवण्या आणि कार्यक्रमांच्या जोडीला धरावं, एकट्याने घर चालवणारं नव्हे. अमांडा पामर या अमेरिकन गायिकेने 2012 मध्ये किकस्टार्टरवर सुमारे 25 हजार चाहत्यांकडून 11.9 लाख डॉलर जमवले. तिने स्वतःच मांडून दाखवलं की त्यातला बहुतेक पैसा रेकॉर्ड छापण्यात, पाठवण्यात आणि जुनी देणी फेडण्यात जातो. जमा झालेली रक्कम आणि मिळकत या दोन गोष्टी मुलाला वेगळ्या ओळखता येतात का, हे पालकांनी जरूर पाहावं.

रेडिओहेडचं उदाहरणही मुलं हटकून देतात. ऑक्टोबर 2007 मध्ये या ब्रिटिश बँडने 'इन रेनबोज' स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवला आणि किंमत श्रोत्यावर सोडली. हे खरंच घडलं. पण तोवर मोठ्या कंपनीच्या पैशांवर आणि जाहिरातींवर त्यांचं नाव जगभर झालेलं होतं. त्यांची पद्धत नवख्याच्या कामाची नाही. नवख्याने किंमत ठरवावी आणि ती सांगावी.

पैसे घेण्याची आपली अडचण वेगळी आहे. पेपालने 1 एप्रिल 2021 पासून भारतातल्या भारतातले व्यवहार बंद केले, परदेशातून आलेले पैसे मात्र घेता येतात. म्हणून देशातल्या श्रोत्यासाठी यूपीआय आणि परदेशातल्या श्रोत्यासाठी पेपाल किंवा बँडकॅम्प, अशा दोन वाटा ठेवाव्यात. ही दुसरी वाट मराठी कलाकाराने कमी लेखू नये. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांतली माणसं आपल्या भाषेतल्या नव्या गाण्यासाठी आसुसलेली असतात, आणि तिथे 10 डॉलर ही मोठी रक्कम नाही.

हक्कांच्या बाबतीत सगळ्यांत जास्त चुका होतात, म्हणून इथे थांबते. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. शब्द व चाल ही एक आणि त्याचं ध्वनिमुद्रण ही दुसरी. तुकोबांचे अभंग कुणाच्याही मालकीचे नाहीत. पण लता मंगेशकरांच्या 'अभंग तुकयाचे' मधल्या चाली श्रीनिवास खळ्यांच्या आहेत. खळे 2011 मध्ये गेले, आणि आपल्या कॉपीराइट कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क टिकतो. त्या चाली ध्वनिमुद्रित करून विकायच्या तर आधी सूचना देणं आणि रॉयल्टी भरणं आलं. त्याच अभंगाला तुम्ही नवी चाल लावलीत तर ती चाल तुमची. उमेदीच्या मुलांना मी हेच सुचवते, कारण स्वतःची चाल विकताना कुणाचा हात धरावा लागत नाही. मित्रांनी मिळून केलेल्या गाण्यात कुणाचा किती वाटा, हे ध्वनिमुद्रणाच्या आधी साध्या कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. मैत्री आहे म्हणून कागद टाळला जातो आणि गाणं चाललं की तीच मैत्री तुटते. 2012 च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकाराच्या रॉयल्टीला संरक्षण दिलं आहे, तेव्हा ही रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या 1969 पासूनच्या संस्थेचं सभासदत्व गाणं प्रसिद्ध करतानाच घ्यावं.

शिक्षण सोडायचं का, हा पालकांचा खरा धसका. सोडू नये. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीताची पदवी आहे, एफटीआयआयमध्ये ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम आहे, आणि विशारदच्या परीक्षा कुठल्याही शाखेसोबत देता येतात. बी.कॉम. करणारी मुलगी गाणारी असेल तर तिला हिशेब, जीएसटी आणि करार वाचता येणं हे तिच्या गाण्याचंच बळ आहे. ज्यांचा गळा मंचाचा नाही पण कान तयार आहे, त्यांना मिक्सिंग आणि मास्टरिंगचं काम मिळतं. स्वतंत्र कलाकार वाढले तसं तेही वाढलं आहे.

मूल 18 वर्षांखालचं असेल तर भारतीय करार कायद्याप्रमाणे त्याने केलेला करार ग्राह्य धरला जात नाही. खातं, पेपाल, वितरकाशी करार, सगळं आई किंवा वडिलांच्या नावे उघडावं लागतं. मुलीचा खासगी मोबाइल नंबर चाहत्यांना देऊ नका, वेगळं सिम आणि वेगळा ई-मेल ठेवा. आणि एक वही घ्या. एका बाजूला खर्च, दुसऱ्या बाजूला गाणं विकत घेतलेल्या प्रत्येकाचं नाव, गाव, तारीख आणि त्याने कुठलं गाणं घेतलं ते. पुढचं गाणं तयार झालं की पहिली खबर या वहीतल्या माणसांना द्यायची, इंस्टाग्रामवर टाकण्याच्या आदल्या दिवशी.