मयताचा मित्र : ताई महाराज प्रकरण आणि आमचे वरकस

गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला लोकमान्य टिळकांचे चरित्र चालू असता ताई महाराज प्रकरणाचा उल्लेख आला आणि दोन वाक्यांत संपलाही. राजद्रोहाचे खटले, मंडालेचा तुरुंगवास यांच्यापुढे एका सरदाराच्या इस्टेटीचा तंटा वर्गात कोणास महत्त्वाचा वाटणार? मला मात्र तो ऐकताच आमच्या ओसरीवरची एक सकाळ आठवली. त्या सकाळी मुरबाडहून आलेले एक वृद्ध गृहस्थ माझ्या वडिलांसमोर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. ते वाक्य पुढे येईलच. तासानंतर ग्रंथालयात बसून त्या प्रकरणाविषयी मिळाले ते वाचले. प्रस्तुत लेख त्या वाचनातून आणि त्या सकाळीतून झाला आहे. दोहोंपैकी कोणते अधिक शिकवून गेले, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

प्रथम इतिहास. वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज हे पुण्यातील पहिल्या वर्गाचे सरदार. कोल्हापूर संस्थानातही त्यांचे उत्पन्न होते. टिळकांशी त्यांचा स्नेह होता. १८९७ च्या जुलैअखेर टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली आणि ४ ऑगस्टला ते जामिनावर सुटले. पुण्यास परततात न परततात तोच मित्राच्या मृत्युशय्येकडून बोलावणे आले. ७ ऑगस्ट रोजी बाबा महाराजांनी मृत्युपत्र केले व त्याच दिवशी ते वारले. मृत्युपत्राची व्यवस्था पाहणाऱ्या विश्वस्तांत टिळक व अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. मागे राहिली कोवळ्या वयाची गर्भवती पत्नी, तिच ताई महाराज. मुलगा झाला नाही अथवा झालेला वाचला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने तिने दत्तक घ्यावा, अशी त्या कागदात तजवीज होती. पुढच्याच महिन्यात टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ते तुरुंगात असतानाच १८९८ च्या जानेवारीत मुलगा जन्मला आणि दोन महिने होण्याआधीच गेला.

आपल्यावर स्वतःच्या डोक्याचा खटला असताना दुसऱ्याच्या कर्जबाजारी इस्टेटीचे जोखड मानेवर घेणारा मनुष्य मित्र म्हणून मोठाच मानावा लागेल. नाही म्हणावयास त्यांच्याजवळ पुरेसे कारण होते. ते नाही म्हणाले नाहीत.

१९०१ च्या जूनमध्ये टिळक व खापर्डे ताई महाराजांस घेऊन तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या औरंगाबादेस गेले आणि तेथे घराण्याच्याच शाखेतील जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेण्यात आला. पुण्यास परतल्यावर वारे फिरले. असा दत्तकविधी झालाच नाही, अशी ताई महाराजांची बाजू उभी राहिली. त्यांनी ऑगस्टमध्ये कोल्हापूरचे बाळा महाराज यांना दत्तक घेतले आणि विश्वस्तांना दूर करावे म्हणून न्यायालयात धाव घेतली. त्यातून टिळकांवरच खोटी साक्ष दिल्याचा फौजदारी खटला झाला. १९०३ च्या ऑगस्टमध्ये दंडाधिकाऱ्याने अठरा महिने सक्तमजुरीची शिक्षा दिली, १९०४ च्या जानेवारीत सत्र न्यायालयाने ती सहा महिन्यांवर आणली आणि मार्चमध्ये उच्च न्यायालयाने टिळकांना निर्दोष सोडले. दिवाणी दावा मात्र चालूच राहिला. टिळक मंडालेला असता १९१० साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने तो त्यांच्याविरुद्ध निकालात काढला. अखेर २६ मार्च १९१५ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचे दत्तकविधान खरे धरले. चौदा वर्षे! निकाल लागला तेव्हा ताई महाराज हयात नव्हत्या.

चरित्रकार येथे सत्याचा जय झाला म्हणून थांबतात, आणि टिळकांच्या शब्दाविषयी बोलायचे तर ते खरेही आहे. पण वाचताना मी सारखा त्या मुलीजवळ अडखळत राहिलो. त्या काळच्या हिंदू कायद्यात विधवेला पतीच्या मिळकतीवर फार तर मर्यादित हक्क, आणि तोही दत्तक येईपर्यंतचा. तिने कोणाला मांडीवर घ्यावे, केव्हा घ्यावे, कोणाच्या संमतीने घ्यावे, हे सारे पतीने मरताना ठरविले आणि पतीच्या मित्रांनी पार पाडावयाचे होते. बाबा महाराजांचा स्नेह टिळकांशी होता. ताई महाराजांचा टिळकांशी काय संबंध? मयताचा मित्र तिच्या दृष्टीने किल्ल्या बाळगणारा एक परका वडीलधारा. तिचे कान फुंकणारे होते हे मान्य करूनही, तिला स्वतःचे काही म्हणणे होते काय, हा प्रश्न मी वाचले त्या पानांत मला कोठे भेटला नाही. टिळकांचा मोठेपणा यामुळे उणा होतो असे मला वाटत नाही. मित्राला दिलेला शब्द आणि मित्राच्या माणसांशी असलेले कर्तव्य या दोन गोष्टी निराळ्या आहेत, एवढेच मला म्हणावयाचे आहे. आणि हे मी ग्रंथालयात शिकलो नाही.

आता आमची ओसरी. आमचे गाव शहापूर तालुक्यात, भातसेच्या अंगाला. थोडी भातखाचरे, वर माळाला वरकस. माझे आजोबा आणि ते मुरबाडचे गृहस्थ तरुणपणी म्हशाच्या यात्रेत बैलबाजारात भेटले. दोघांजवळ एकेकच बैल घेण्यापुरते पैसे होते, म्हणून दोघांनी मिळून एक जोडी घेतली आणि लावणीला ती आधी इकडे, मग तिकडे, अशी सावड धरली. बैल गेले, पॉवर टिलर आले, सावड सुटली, तरी दर पौष पौर्णिमेस दोघे म्हशाला भेटत. आम्ही नातवंडे त्यांना मुरबाडचे आजोबा म्हणतो.

तीन वर्षांपूर्वी लावणीच्या दिवसांत आजोबा वारले. आजी आधीच गेलेली. दहावे झाल्यावर ट्रंकेत साध्या कागदावरचे मृत्युपत्र निघाले : रस्त्याकडेचे वरकस धाकट्या मुलीस, म्हणजे माझ्या आत्यास द्यावे. आत्या विधवा होऊन बारा वर्षांपूर्वी माहेरी आलेली. कागदावर साक्षीदार दोन. एक वारलेला, दुसरे मुरबाडचे आजोबा.

एरवी ते वरकस कोणी मागितले नसते. नाचणी-वरीशिवाय तेथे काही होत नसे. पण तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, इगतपुरी ते आमणे हा त्याचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडे जमिनीचे दलाल मोटारसायकलीवर फिरू लागले होते. ज्या माळावर आम्ही गुरे सोडत होतो त्याचा भाव गुंठ्यावर बोलला जाऊ लागला.

मृत्युपत्र नोंदवलेलेच पाहिजे असे नाही. दोन साक्षीदार मात्र लागतात, आणि ते न्यायालयात शाबीत करावयाचे तर हयात साक्षीदारांपैकी एकाने तरी पुढे येऊन सांगावे लागते. म्हणजे सारा भार त्या एका म्हाताऱ्या माणसावर आला. वडील व चुलते यांनी त्यांना निरोप धाडला. खोटे बोला असे कोणी म्हटले नाही. वयोमानाने आठवत नाही, एवढेच म्हणावे. ते सकाळच्या एस.टी.ने आले, ओसरीवर बसले आणि म्हणाले, “सही माजी हाय. मी नाय कशी म्हणू?”

वडिलांनी पन्नास वर्षांच्या घरोब्याची आठवण दिली. ते म्हणाले, “त्याच्यासाठीच सांगतो. सही माजी हाय.” पुढ्यातला चहा तसाच निवला. वडील उठून आत गेले ते त्यांची एस.टी. जाईपर्यंत बाहेर आले नाहीत. माझ्या वडिलांना मी लोभी म्हणणार नाही. बापाच्या मागे खाचरे त्यांनीच राखली, आत्यालाही त्यांनीच आणून घरात ठेवले. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून ते लहानपणी म्हशाची जत्रा पाहत, तो आपल्या बाजूने बोलत नाही याचेच दुःख त्यांना जमिनीहून अधिक झाले असावे.

इथवर कोणासही टिळकांची आठवण व्हावी. पण पुढे जे झाले ते ताई महाराजांच्या प्रकरणात झाले नव्हते. आत्या दाराआडून सारे ऐकत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, “काका, तुमी बाबांचा शब्द राखताय, दादा आपला वाटा राखतोय. मला काय पायजे ते कोणी इचारलं का?”

मुरबाडचे आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “नाय इचारलं. तुज्या बापानं पण नाय आन मी पण नाय.”

त्यांनीच तिला शहापुरातील एका वकिलांकडे नेले. सोबतीला मी होतो. तेथे जे कळले ते आमच्या घरात एकासही ठाऊक नव्हते. जमीन वडिलोपार्जित. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला अशा जमिनीत जन्मतःच मुलाइतका हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याविषयीचा घोळही मिटविला. वाटणी आधी झालेली नसेल तर मुलीचे लग्न केव्हा झाले हे पाहण्याचे कारण नाही. आजोबा, दोन मुलगे आणि आत्या असे चार हिस्से. मृत्युपत्राने आजोबांना फक्त आपला चौथा हिस्सा देता येत होता. आत्याचा चौथा हिस्सा कागदाच्या आधीपासून तिचाच होता. सारे घर एका वरकसासाठी भांडत होते, आणि कागद फाडला असता तरी तिचा हक्क बुडाला नसता! कारण मग आजोबांच्या हिश्शातही ती भावांच्या बरोबरीने आली असती. वडिलांनी तिच्यापुढे हक्कसोडपत्राचा मसुदा ठेवला होता तो या साऱ्याचाच होता, हे तिला तेथे प्रथम समजले.

परतताना मुरबाडचे आजोबा गप्प होते. ते स्वतः महादेव कोळी. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींस लागू नाही; तेथे चालत आलेली रीतच चालते. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका आदिवासी स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला खरा, पण तो त्या खटल्यापुरता. कायद्यातील कलम आहे तेथेच आहे. आसनगावच्या फाट्यावर ते एकदम म्हणाले, “माज्या बहिणीला आमी एक साडी दिली होती.” एवढेच.

हक्कसोडपत्र अजून सहीवाचून पडले आहे. वारस नोंदीत तिघांची नावे लागली आहेत, वाटणी व्हायची आहे. आत्याने वरकस विकावयाचे नाही असे सांगितले. तिला माजघराच्या मागची खोली स्वतःच्या नावे हवी आहे आणि खाचरात राबायचेही आहे. भावांना ते कळते आणि पटत नाही. मुरबाडचे आजोबा महिन्या-दोन महिन्यांनी येतात, ओसरीच्या आत्याकडच्या टोकाला बसतात. वडील आतूनच त्यांचा खोकला ऐकतात. मग माझ्या हाती दोन कप चहा बाहेर पाठवितात. गेल्या खेपेस त्यांनी मला मागे बोलावून एका कपात साखर कमी घालावयास सांगितली.