पायांना डोळे

रक्तातील साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली, की मज्जातंतू दुबळे होतात. पायांना मुंग्या येतात. मग तळवे बधिर होतात.

आमच्या नानीला मधुमेह आहे. एकदा तिच्या चपलेत खडा होता. दिवसभर तो तिला जाणवलाच नाही. रात्री तळव्याला जखम दिसली. डॉक्टर म्हणाले, "न दुखणारी जखम अधिक धोक्याची! रोज पाय पाहा."

नानीला नीट दिसत नाही. म्हणून तिचे तळवे मी पाहते. पाय धुण्याचे पाणी कोमट आहे ना, हेही पाहते. नानी औषध वेळेवर घेते, चपला झटकून घालते, घरातही अनवाणी चालत नाही. ती म्हणते, "बेटी, माझ्या पायांना तू डोळे दिलेस."

शब्दार्थ : बधिर – सुन्न, अनवाणी – पायांत काही न घालता.

प्रश्न : नानीला खडा का जाणवला नाही?