आधी मीटर, मग मोटार

2016 साली टेस्लाने 'मॉडेल 3'ची नोंदणी जगभर खुली केली. भारतातल्या काही हौशी मंडळींनीही तेव्हा एक हजार डॉलर भरून नाव लावले. गाडी येणार, येतेय, आता आलीच, असे करता करता वर्षे उलटली. कंपनी भारतात अखेर आली ती 15 जुलै 2025 रोजी, मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात शोरूम उघडून. पण विकायला आणली 'मॉडेल वाय', 59.89 लाखांपासून पुढे. 2016च्या रांगेतल्यांना पैसे परत देण्याचे पत्र 2025 मध्येच गेले.

आज विजेची महागडी गाडी घेणाऱ्याला एवढी वाट पाहावी लागत नाही. उलट सगळे फार झटपट होते आणि घोळ तिथेच होतो. प्रस्तुत लेखकाने पुण्यात अशी एक गाडी घेतली. कोणत्या कंपनीची, कोणत्या शोरूमची, ते सांगण्यात अर्थ नाही. पाट्या बदलल्या तरी प्रसंग थोड्याफार फरकाने असेच घडतात, हे नंतर चार ओळखीच्या मालकांशी बोलताना लक्षात आले.

पेट्रोलच्या गाडीला पंप गावात कुठेही असला तरी भागते. विजेच्या गाडीचा पंप घराखालीच लागतो आणि तो शोरूममध्ये मिळत नाही. "काळजी करू नका सर, आमचा माणूस येऊन चार्जर बसवून देईल," हे वाक्य प्रत्येक खरेदीदाराच्या कानावर पडते. माणूस येतो, हे खरे. तो चार्जरची पेटी भिंतीला ठोकतो, सोबत काही मीटर केबल देतो आणि त्यापुढच्या केबलचे पैसे सांगतो. प्रस्तुत लेखकाच्या सोसायटीत मीटरची खोली एका टोकाला आणि पार्किंग दुसऱ्या टोकाला. 'मोफत' चार्जरसोबत तांब्याच्या जाड केबलचे जे बिल आले, ते कोटेशनमध्ये कुठेही नव्हते.

इथे थोडा हिशेब मांडायला हवा. आलिशान विजेच्या गाड्यांची बॅटरी साधारण 80 ते 110 किलोवॉट-तासांची असते, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत तेवढी युनिटे. घरातल्या 15 अँपिअरच्या सॉकेटमधून फार तर 3.3 किलोवॉट वीज मिळते. शंभर युनिटांची रिकामी बॅटरी त्यावर भरायची तर तीस तास लागतात. 7.4 किलोवॉटच्या चार्जरवर तेच काम चौदा-एक तासांत होते, 11 किलोवॉटच्या चार्जरवर नऊ-दहा तासांत. मात्र 11 साठी थ्री फेज जोडणी हवी. बऱ्याच फ्लॅटमध्ये सिंगल फेज असते आणि मंजूर भारही जेमतेम घरापुरता. म्हणजे महावितरणकडे, किंवा मुंबईत ज्या कंपनीची वीज असेल तिच्याकडे, भार वाढवण्याचा नाहीतर नव्या जोडणीचा अर्ज आला. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मालकाला सध्याच्या जोडणीवरूनही गाडी चार्ज करता येते आणि स्वतंत्र जोडणीही मागता येते. कागदावर मार्ग मोकळा आहे. अडते ते सोसायटीच्या मासिक बैठकीत. केबल कोणाच्या भिंतीवरून जाणार, आग लागली तर जबाबदार कोण, उद्या सगळ्यांनीच मागितले तर ट्रान्सफॉर्मर पुरेल का? प्रश्न रास्त असतात, फक्त ते गाडी दारात उभी राहिल्यावर विचारले जातात.

यानंतरचा अध्याय अर्थिंगचा. चार्जर बसला, प्लग लावला, आणि लाल दिवा. शोरूमचा तंत्रज्ञ म्हणाला, इमारतीचा दोष. सोसायटीचा वायरमन म्हणाला, गाडीचा दोष. शेजारच्या दुचाकीला काहीच अडचण येत नाही ना! दोघांच्या फेऱ्या होत राहिल्या आणि नवी कोरी गाडी तोवर सार्वजनिक चार्जरच्या आधारावर. शेवटी एका जाणत्या इलेक्ट्रिशियनने मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्टेज मोजले. ते शून्याच्या जवळपास असायला हवे. इथे चांगलेच वर होते. जुन्या इमारतींत अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षे कोरडा पडलेला असतो. पंखे, फ्रिज त्यावर चालून जातात, पण सुरक्षेच्या कारणाने गाडी आतून वीज घ्यायचेच नाकारते. चार्जरसाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा केला आणि दिवा हिरवा झाला.

ही तपासणी तासाभराची आहे आणि ती बुकिंगच्या आधी करता येते. लोड, फेज, केबलचे अंतर, अर्थिंग आणि सोसायटीचे ना हरकत पत्र हाती आल्याशिवाय टोकनचे पैसे देऊ नयेत, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे. मुंबईकरांनी आणखी एक पाटी वाचावी. मर्सिडीजची 'ईक्यूएस 580' अडीच टनांहून जड आहे. यांत्रिक पार्किंगच्या पाळण्यावर किती वजन चालते ते तिथेच लिहिलेले असते. त्या पाटीकडे पाहून गाडी निवडलेली बरी.

याच 'ईक्यूएस 580'ची जुळणी 2022 पासून चाकणला होते. भारतीय चाचणीनुसार ती एका चार्जमध्ये 857 किलोमीटर जाते. युरोपच्या चाचणीत हाच आकडा 676 पर्यंत आणि अमेरिकेच्या सरकारी चाचणीत 340 मैल, म्हणजे सुमारे 547 किलोमीटर. यात खोटे कोणी बोलत नाही. चाचणीचा वेग आणि पद्धत वेगळी. समृद्धी महामार्गाच्या 701 किलोमीटरचे नियोजन करताना मात्र ब्रोशरवरचा आकडा बाजूला ठेवून अमेरिकी आकडा धरावा, आणि त्यातूनही एसी, वेग व घाटाची वजावट करावी. टेस्ट ड्राइव्ह मागताना शोरूमभोवतीची प्रदक्षिणा नाकारून खंडाळ्यापर्यंत जाऊन येण्याची मागणी करावी. साठ-सत्तर लाख देणाऱ्याला तेवढा हक्क आहे.

आता कोटेशन. विजेच्या गाडीवर जीएसटी 5 टक्के. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर तो 40 टक्के झाला. परदेशातून तयार आलेल्या गाडीच्या किमतीत आयात शुल्काचा मोठा वाटा असतो, म्हणून जुळणी इथे झाली की बाहेर, हे विचारून घ्यावे. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक मालकाकडून 13 टक्के वाहनकर घेतला जातो, विजेच्या गाडीला 2021च्या धोरणापासून माफी आहे. पण माफीही हलते. मार्च 2025च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर 6 टक्के कर सुचवला होता; सत्तर लाखांच्या गाडीवर तो 4.2 लाख झाला असता. त्याच महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हा कर घेणार नसल्याचे विधान परिषदेत सांगितले. मधल्या दिवसांत बुकिंग करणाऱ्यांची काय घालमेल झाली असेल! बुकिंग अर्जावर बारीक अक्षरात 'डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत व कर लागू' असे छापलेले असते. कर वाढला किंवा युरो महागला, तर बुकिंग रद्द करून पूर्ण रक्कम परत मिळेल का, हे त्याच अर्जावर पेनाने लिहून, सही-शिक्क्यासह घ्यावे.

कोटेशनमधल्या 1 टक्का टीसीएसबद्दल गैरसमज बरेच आहेत. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता तो गोळा करून आयकर खात्यात भरतो आणि खरेदीदाराला तो आपल्या करातून वळता करता येतो, त्यामुळे तो खर्चात धरू नये, पण विसरूही नये. विक्रीच्या ओघात कलम 80ईईबीखाली कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची वजावट मिळेल, असे अजूनही ऐकवले जाते. ती सवलत 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच आहे. विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही. विमा नियामकाने 2017 मध्ये विक्रेत्यांसाठी केलेल्या नियमांत ग्राहकाची निवड मोकळी ठेवली आहे. बाहेरून भाव काढला की शोरूमचा भावही खाली येतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पॉलिसीत बॅटरीत पाणी शिरण्याचे आणि चार्जरचे संरक्षण आहे का, एवढे मात्र स्वतः वाचावे. आणि पैसे फक्त शोरूमच्या कंपनी खात्यात भरावेत. सेल्समन कितीही गोड असला तरी त्याच्या यूपीआयवर टोकन पाठवू नये.

सगळ्यात जास्त भांडण होते ते गाडीच्या जन्मतारखेवरून.

प्रस्तुत लेखकाला रंग, आतले चामडे, चाकांची नक्षी, सगळे निवडून दिले होते. गाडी 'नुकतीच आली' असे सांगण्यात आले. विक्रीच्या प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म 21 वर, उत्पादनाचा महिना-वर्ष असते. ते पाहिल्यावर कळले की गाडी बरेच महिने यार्डात उभी होती. विजेच्या गाडीला असे उभे राहणे मानवत नाही: बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरते, टायर एका जागी दबतात, आणि वर्ष बदलले असेल तर पुनर्विक्रीत किंमत पडते ती वेगळीच. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. 2324 असेल तर तो 2024च्या तेविसाव्या आठवड्यातला. गाडीचे खरे वय अनेकदा तोच सांगतो. रजिस्ट्रेशन झालेले नव्हते, म्हणून लेखकाला दुसरी गाडी मागता आली. एकदा आरटीओत नाव चढले की गाडी तुमची, आणि मग शोरूमचा आवाजही बदलतो.

म्हणून क्रम असा ठेवावा: चॅसिस नंबर आधी लिहून घ्यायचा, त्या नंबरची गाडी दिवसाउजेडी पाहायची, मग उरलेले पैसे, मग रजिस्ट्रेशन. पाहायला जाताना इलेक्ट्रिशियन नाही तरी एखादा गाडीवेडा भाचा सोबत न्यावा. रंगाचा उठाव, काचा, टायर, दारांच्या फटी तो बघेल. आपण दोन गोष्टींचा हट्ट धरावा. गाडी साध्या एसी चार्जरवर आणि वेगवान डीसी चार्जरवर आपल्यासमोर लावून दाखवायची. आणि सोबतची केबल, दोन्ही किल्ल्या व स्टेपनी मोजून द्यायची. बऱ्याच विजेच्या गाड्यांत स्टेपनी नसते, पंक्चरची बाटली असते. हे रस्त्यावर कळण्यापेक्षा शोरूममध्ये कळावे. मोबाइल अ‍ॅपमध्ये मालक म्हणून आपलेच नाव आहे, विक्रेत्याचे खाते काढून टाकले आहे, हेही तिथेच पाहावे, कारण त्या खात्यावरून गाडी कुठे आहे ते दिसते आणि दारही उघडता येते.

हे सगळे दसऱ्याला करायला जाल तर जमणार नाही. पाडवा, दसरा, धनत्रयोदशीला शोरूममध्ये लग्नघराची गर्दी असते. रिबीन, केक, फोटो, पुढचा ग्राहक. मुहूर्ताची हौस जरूर करावी, पण तपासणी त्याआधी उरकावी. खरे तर पितृपंधरवडा यासाठी उत्तम. त्या दिवसांत गाडी कोणी नेत नाही, शोरूम ओस असते, मॅनेजर स्वतः चहा घेऊन येतो. तपासणी तेव्हा करावी, घटस्थापनेला किल्ली घ्यावी.

नव्या, अनोळखी कंपनीची गाडी घेताना आणखी एक शंका मनात ठेवावी. अमेरिकेतली फिस्कर कंपनी जून 2024 मध्ये दिवाळखोरीत गेली. तिची 'ओशन' ही गाडी घेतलेल्या हजारो लोकांना सुटे भाग आणि सॉफ्टवेअरसाठी स्वतःची संघटना उभारावी लागली. गाडी जितकी सॉफ्टवेअरवर चालणारी, तितके कंपनी टिकणे महत्त्वाचे.

इतके करूनही वाद उद्भवला तर दाद कुठे मागायची? गाडीसाठी मोजलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, पन्नास लाख ते दोन कोटी असेल तर राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय आयोग. बहुतेक आलिशान विजेच्या गाड्या थेट राज्य आयोगाच्या कक्षेत येतात. गाडी कंपनीच्या नावावर असली म्हणून हक्क जात नाही. संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी घेतलेली गाडी व्यापारी हेतूची ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये एका आलिशान गाडीच्याच प्रकरणात म्हटले आहे. सुरुवात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावरून करता येते. आयोगाकडे तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे आणि तिथे फोनवरची आश्वासने चालत नाहीत. तेव्हा गाडी दुरुस्तीला दिली की प्रत्येक वेळी जॉब कार्डची प्रत मागा, आणि त्यावर तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत लिहिली आहे हे पाहूनच सही करा.