रक्तबिंबिकांचा ऱ्हास : प्रतिपिंडांचे तीन उपचार

जखमेतून वाहणारे रक्त थांबविण्याचे कार्य रक्तबिंबिका, म्हणजेच प्लेटलेट, करतात. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात. काही रुग्णांत मात्र शरीराची संरक्षणयंत्रणा त्यांनाच परके समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. अशा बिंबिकांचा मुख्यतः प्लीहेत नाश होतो. त्वचेवर बारीक लाल ठिपके उमटणे, नाकातून वा हिरड्यांतून रक्त येणे ही या विकाराची लक्षणे होत. अमेरिकेतील डॉ. विल्यम हॅरिंग्टन यांनी अशा रुग्णाचे रक्त स्वतःच्या शरीरात घेतले, तेव्हा काही तासांतच त्यांच्या बिंबिका धोकादायक पातळीपर्यंत घटल्या. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने रोगाचे कारण रक्तद्रवात असल्याचे दाखवून दिले.

प्रौढांमध्ये प्रथम स्टेरॉईड औषधे दिली जातात. ती पुरेशी पडत नाहीत किंवा त्वरित परिणाम हवा असतो, तेव्हा प्रतिपिंडांच्या उपचारांचा विचार होतो.

तीन मार्ग

पहिला मार्ग इम्युनोग्लोब्युलिनचा. हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून मिळविलेली ही प्रतिपिंडे शिरेवाटे देतात. स्वित्झर्लंडमधील डॉ. पॉल इम्बाख व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मुलांवरील यशस्वी उपयोग प्रसिद्ध केला. बहुधा एकदोन दिवसांत बिंबिका वाढू लागतात. परंतु हा परिणाम काही आठवडेच टिकतो आणि खर्चही फार येतो. डोकेदुखी व ताप हे त्याचे नेहमीचे उपद्रव होत.

दुसरा अँटी-डी. आरएच निगेटिव्ह मातांना दिले जाणारे हे औषध येथे आरएच पॉझिटिव्ह रुग्णांनाच उपयोगी पडते. त्यामुळे प्लीहा तांबड्या पेशींच्या नाशात गुंतते व बिंबिका वाचतात. ते काही मिनिटांत देता येते. मात्र प्लीहा काढलेल्यांना ते निरुपयोगी, तर रक्तक्षय असलेल्यांना घातक ठरू शकते. क्वचित तांबड्या पेशींचा तीव्र नाश होऊन मृत्यू ओढवत असल्याने अमेरिकेत २०१० मध्ये औषधाच्या वेष्टनावर कडक इशारा छापण्यात आला.

तिसरा रिटुक्सिमॅब. प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पेशींच्या मूळ पेशींनाच तो नष्ट करतो. सामान्यतः आठवड्यातून एकदा, अशा चार मात्रा देतात. परिणामास काही आठवडे लागत असल्याने तातडीच्या वेळी त्यावर विसंबता येत नाही. उपचारापूर्वी हिपॅटायटिस-बीची तपासणी अनिवार्य असते.

निवडीची कसोटी

सर्वांना सारखाच लागू पडेल असा यांत एकही उपचार नाही. रक्तस्राव किती, रक्तगट कोणता, हिमोग्लोबिन किती, प्लीहा आहे की नाही, यांवर निवड ठरते. केवळ त्वचेवर ठिपके असलेल्या बहुतेक मुलांना तर देखरेखच पुरते व ती औषधावाचून बरी होतात. डेंग्यूतही बिंबिका घटतात. म्हणून निदान डॉक्टरांकडूनच व्हावयास हवे. अशा रुग्णास अ‍ॅस्पिरिन देऊ नये. डोक्याला मार, तीव्र डोकेदुखी किंवा न थांबणारा रक्तस्राव असल्यास विलंब न करता त्यास रुग्णालयात पोहोचवावे.