काळ्या पाण्याची शिकवण

वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी २८ वर्षं केमिस्ट होतो. घर पिढीजात माळकरी. सोयरीक बघताना आई "पोरगा कारखान्यात आहे" एवढंच सांगायची. कुठल्या खात्यात, हे सुपारी फुटल्यावर. त्या नोकरीनं मला जे शिकवलं, त्यातलं बरंचसं उशिरा कळलं.

१. आपण दारू कमी आणि सांडपाणी जास्त बनवतो, हे कळायला मला काही वर्षं लागली. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की मागं ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश, म्हणजे काळं सांडपाणी, उरतो. अल्कोहोलच्या टाक्यांना उत्पादन शुल्क खात्याचं कुलूप, थेंबाथेंबाची नोंद. काळ्या पाण्याला मात्र रजिस्टरात कडेचा एक रकाना. तो मी बहुधा पाळी संपताना, अंदाजानंच भरायचो.

२. वास नाकातून जातो, हवेतून जात नाही. वर्षभरात मला डिस्टिलरीचा वास येईनासा झाला आणि मी तो नाहीच असं धरून चाललो. माहेरपणाला आलेली बहीण माझा शर्ट धुवायला घेताना पदर नाकाला लावायची. "तुला सवय नाही," मी म्हणायचो. सवय मला झाली होती, हाच खरा घोटाळा होता.

३. चांगली गोष्टही प्रमाणाबाहेर गेली की नासाडीच करते. एके काळी आम्ही शेतकऱ्यांना हे काळं पाणी खत म्हणून देत होतो. ते देताना मी मोठ्या तोऱ्यात भाषण ठोकायचो. चुलत्यांनी माझ्या शब्दावर उसाला भरपूर सोडलं. पुढच्या हंगामात रानावर पांढरी पापडी धरली. आधीच कृष्णाकाठ क्षारपड जमिनीनं बेजार, त्यात ही भर. चुलते एवढंच म्हणाले, "मीठ चांगलं म्हणून कुणी भाकरीऐवजी मीठ खातं का रं?" माझ्या पदवीत हा धडा नव्हता.

४. जंतूंना पाळ्या कळत नाहीत. स्पेंटवॉश पचवणारी बायोगॅसची टाकी सुरू करायला शेण लागतं, हे ऐकून मला आधी हसू आलं होतं. घरगुती सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम, स्पेंटवॉशचा चाळीस-पन्नास हजार. एवढा भार शेणातले ते मुके जंतू पचवतात आणि वर बॉयलरला गॅस देतात. एकदा वरून तगादा आला म्हणून मी घाईनं जास्त माल ढकलला. टाकी आंबली, गॅस बसला. तिची मनधरणी करण्यात कित्येक आठवडे गेले. घरी बायको म्हणाली, "टाकीचं एवढं ऐकता!"

५. धाकानं शिकलेलंही शिकणंच असतं. केंद्राच्या २००३ सालच्या सनदेनं डिस्टिलऱ्यांना २००५ अखेरपर्यंत नदीनाल्यात थेंबही सोडायचा नाही असं बजावलं, तेव्हा आम्ही सगळे कुरकुरलो. मी सर्वांत जास्त. मग प्रेसमडवर, म्हणजे उसाच्या रसाच्या गाळावर, स्पेंटवॉश फवारून कंपोस्ट आलं, पुढं पाणी आटवून बॉयलरात जाळणं आलं. आटवताना निघालेलं पाणी परत मळी पातळ करायला वापरता येतं, हे तर आधीही सुचायला हरकत नव्हती. पण पाणी फुकट होतं, तोवर डोकं चालत नव्हतं.

६. आपण नेमकं काय फेकत होतो, हे मला सर्वांत शेवटी उमगलं. साखर काय, अल्कोहोल काय, दोन्हींत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. म्हणजे उसानं हवेतून आणि पाण्यातून घेतलेलं. मळीत आलेलं, जमिनीतून ओढलेलं पोटॅश मागं राहतं, काळ्या पाण्यात. विकत होतो ती हवा आणि पाणी, फेकत होतो ती चुलत्यांची जमीन! आणि तेच चुलते दुकानातून परदेशी पोटॅशची पोती आणत होते. आता जाळलेल्या स्पेंटवॉशच्या राखेतलं पोटॅश खत म्हणून विकलं जातं. हे रसायनशास्त्र मी कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकलो होतो. समजायला निवृत्ती जवळ यावी लागली.

७. परतफेड छोटी असली तरी रोखीनं करावी. पलूसच्या वाईन पार्काकडं द्राक्षं घालणारा एक मित्र वाईननंतर उरलेला चोथा शेणात कुजवून वेलींच्या बुडात घालतो. मी विचारलं, कुठं शिकलास? तो म्हणाला, "शिकायचं काय त्यात? तिथूनच आलंय की."

मार्च उजाडला, नदी आटली की मी अजूनही घाटावर उतरतो. ओंजळीत पाणी घेऊन हुंगतो. पण माझ्या नाकाचा भरवसा नाही, म्हणून नातीला सोबत नेतो.