जीपचा आस

बैलगाडीचा आस मोडला म्हणजे काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. उसाची गाडी ओढ्यात उतरते, चाक खड्ड्यात जाते, कडकन आवाज होतो आणि सारा ऊस पाण्यात! मोटारीलाही आस असतो. त्याला ॲक्सल म्हणतात. तोही मोडतो.

रस्त्याने चालणाऱ्या मोटारीला त्याचे फारसे भय नाही. पण काही लोक जिथे रस्ताच नाही तिथे मुद्दाम गाड्यांच्या शर्यती लावतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात जॉन्सन व्हॅली म्हणून उजाड मुलूख आहे. तिथे २००७ सालापासून 'किंग ऑफ द हॅमर्स' ही शर्यत होते. गाड्या मोठमोठ्या धोंड्यांवर चढवतात. आपल्या शेजारी गोव्यातही २०१४ साली 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' ही स्पर्धा ऐन पावसात, चिखलात भरली. हौसेला मोल नसते म्हणून आम्ही गप्प बसलो असतो. पण आमचा एक जुना विद्यार्थी या नादाला लागला.

त्याचे गॅरेज आहे. त्याने एका जुन्या जीपला मोठी चाके घातली. डिफरन्शियलला लॉक बसवला. आस मात्र जुनाच ठेवला. नाल्याच्या चढणीवर मागचा शाफ्ट तुटला, चाक बाहेर आले, गाडी कलली आणि शेजारी बसलेल्या सोबत्याचा हात मोडला. "गुरुजी, इंजिनाचा दोष नव्हता. माझाच हिशेब चुकला," असे तो म्हणाला. तो हिशेब आपण समजून घेऊ.

आधी डिफरन्शियल म्हणजे काय ते बघू. खळ्यात मळणीची पात फिरते. तिवड्याजवळचा बैल थोडे चालतो, कडेचा बैल पुष्कळ चालतो. गाडी वळताना चाकांचे तसेच होते. म्हणून आत फिरणाऱ्या दांड्याचे दोन तुकडे करतात. हेच ते शाफ्ट. मध्ये दातेरी चाकांची पेटी बसवतात. ती पेटी म्हणजे डिफरन्शियल. तिच्यातले मोठे चाक ते क्राऊन. त्याला फिरवणारे लहान ते पिनियन.

या पेटीची एक खोड आहे. ती दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. एक चाक चिखलात गरगर फिरू लागले, की दुसऱ्यालाही जोर मिळत नाही. ट्रॅक्टरवाल्यांना हे ठाऊक आहे. ते लॉक दाबतात. मग दोन्ही चाके बरोबर फिरतात, आणि ज्या चाकाला जमीन लागते तिकडे जोर जातो. गाडी निघते खरी, पण दोघांत वाटलेला भार एकट्या शाफ्टवर येऊ शकतो.

आता आकडे मांडू. पहिला गिअर इंजिनाचा जोर ४ पट करतो असे धरा. चढणीसाठीचा जादा गिअर अडीच पट करतो. डिफरन्शियल पुन्हा ४ पट. गुणाकार करा: ४० पट झाले! शिवाय ३० इंची चाकाच्या जागी ४० इंची घातले, तर तेवढ्याच ओढीला शाफ्टवरचा पीळ एक तृतीयांशाने वाढतो. लांब पान्याने नट पिळावा तसे हे आहे.

म्हणून शाफ्टची जाडी बघायची. जाडी दुप्पट केली तर पीळ सोसण्याची ताकद आठपट होते. अमेरिकेत 'डाना' कंपनीचे आस प्रसिद्ध आहेत. डाना ४४ चे क्राऊन साडेआठ इंचांचे, डाना ६० चे पावणेदहा इंचांचे. ४४ मध्ये १.३१ इंच जाडीचा शाफ्ट मिळतो, ६० मध्ये दीड इंचाचा. फरक बोटाच्या पेराएवढाही नाही, पण पोलाद एकच असेल तर ताकद सुमारे दीडपट होते. क्रोमोली नावाचे पोलाद साध्यापेक्षा जास्त पीळ सोसते.

पण आमच्या मते जाडीहून मोठी गोष्ट दुसरीच आहे. बैलगाडीचा आस फिरत नाही. तो वजन पेलतो, चाक त्याच्यावर फिरते. मालट्रकचेही तसेच. वजन बाहेरची नळी पेलते, आतला शाफ्ट नुसता फिरवतो. याला फुल फ्लोटिंग म्हणतात. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. जुन्या जीपच्या सेमी फ्लोटिंग आसात तोच शाफ्ट वजनही पेलतो आणि पीळही सोसतो. तो तुटला की चाकच निघते. सोबत्याचा हात मोडला तो यामुळे.

मग सगळ्यात मोठा आस घ्यावा का? नाही. क्राऊन मोठे तर पेटीचे पोट खाली लोंबते, धोंड्याला अडकते. वजन वाढते ते वेगळेच. आणखी एक चूक लोक करतात. ओढ वाढावी म्हणून डिफरन्शियलचे प्रमाण फार वाढवतात. त्यात पिनियन लहान होते, आणि लहान पिनियनचे दात लवकर तुटतात. पुढच्या आसाचीही काळजी घ्यावी लागते. तिथे क्रॉस असतो. चाक पुरते वळवून जोर दिला की तो क्रॉस आधी जातो.

आमच्या विद्यार्थ्याने साठ नंबर घेतलाच नाही. जुन्या आसाला फुल फ्लोटिंगचे हब आणि क्रोमोली शाफ्ट घातले, आणि चाके दोन इंचांनी लहान केली. आम्ही विचारले, "इंजिन नवे टाकणार होतास ना?" तो हसला. म्हणाला, "पैसे हबला गेले, गुरुजी." आता एक जादा शाफ्ट तो गाडीतच बांधून नेतो. चाक न काढता, नाल्याच्या काठीच तो बदलता येतो.